बारा वाजताचा डबा

पासष्ट सालच्या लढाईत आमच्या गावातल्या तोफांच्या कारखान्याची पाळी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत झाली आणि वर अडीच तास ओव्हरटाइम आला. आमची शाळा मात्र साडेसातला भरून साडेअकराला सुटत होती. त्यानंतर मुले रस्त्यावर असत. एका मुलाने एकट्यानेच स्टोव्ह पेटवायला जाऊन हात भाजून घेतला, तेव्हा मी वर्गातल्या एकेचाळीस मुलांना विचारले, दुपारी घरी मोठे कोण असते? सव्वीस जणांकडे कोणीच नसे.

तो कागद मी मुख्याध्यापक श्रीरंगरावांपुढे ठेवला. शाळा दहा ते पाच करावी आणि दिवाळीची सुट्टीही तीन आठवड्यांवरून आठ दिवसांवर आणावी, असे सुचवले. ते लगेच कबूल झाले. नवी वेळ सोमवारपासून ठरली.

गुरुवारी वर्ग सुटल्यावर तिसरीतली विनता टेबलाशी उभी राहिली. हातात पितळी डबा.

"बहनजी, सोमवारपासून मी अण्णांना कधी भेटू?"

"रात्री घरी येतात ना?"

"तेव्हा मी झोपलेली असते. सकाळीही."

"मग रविवारी."

"रविवारीही ड्यूटी आहे. ग्वारीघाटला नदीवरही नाही गेलो आम्ही कितीक दिवस."

तिची आई अनसूया बाळंतीण होती, म्हणून वडिलांचा डबा विनता पोचवत असे. दुपारी घरी कोण असते एवढेच मी विचारले होते. शाळा सुटल्यावर तुम्ही कुणाकडे जाता, हे विचारलेच नव्हते. मी छत्री घेतली आणि तिच्याबरोबर निघाले.

बाराचा भोंगा झाला. कारखान्याच्या फाटकातून माणसे लोटली.

"अंबादासभाऊ, तुमची माय आली जेवू घालायला!" कोणीतरी ओरडले.

"जळतोस काहून, मोहन? तुलाही बोलावू का?" म्हणत अंबादास बाहेर आले. मला पाहून थबकले. "अरे, बहनजी! हिने काही केलं का वर्गात?"

"नाही. मी सहजच आले."

त्यांचे हात मनगटापर्यंत तेलाने काळे होते. ते केरोसीनने घासून काढायला दहा मिनिटे लागत, आणि सुट्टी वीसच मिनिटांची. म्हणून ते लिंबाखाली बसले आणि विनता पोळीचा घास करून त्यांना भरवू लागली.

"सात आठे?" घास गिळून त्यांनी विचारले.

"छप्पन. आ करा."

"आठ आठे?"

"चौसष्ट. वांगं टाकू नका, आईला सांगीन."

मी शाळेच्या नव्या वेळेविषयी सांगितले.

"चांगलं करून राहिल्या तुम्ही. माझी शाळा चौथीतच सुटली. सोमवारपासून डबा मीच सकाळी नेईन. हिला शिकू द्या."

"मग भरवेल कोण?" विनता म्हणाली.

"हात धुईन ना, बेटा."

"त्यात दहा मिनिटं जातात."

"उरलेल्या दहात जेवीन."

तिने डब्याला झाकण लावले. जाताना वडिलांकडे पाहिले नाही.

शनिवारी मी पुन्हा श्रीरंगरावांकडे गेले. मधली सुट्टी एकऐवजी पावणेबाराला आणि अर्ध्याऐवजी पाऊण तासाची ठेवा, म्हणजे मुले बाराला फाटकाशी वडिलांना भेटून येतील, म्हटले.

"सुनेत्राबाई, वेळ वाढवा म्हणून तुम्हीच मागे लागला होतात!"

"अजूनही तेच म्हणते."

"मग शेवटची घंटा सव्वापाचला जाईल. वरची पंधरा मिनिटं कोण थांबेल?"

"मी."

"सुट्टीनंतर पावणेपाच तास सलग. पोरं पेंगतील."

"पेंगू द्या थोडी."

"आणि फाटकाशी ट्रकांची रांग असते, त्याचं काय?"

"रोज मी घेऊन जाईन."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दिवाळीपर्यंत करून पाहा. एक जरी पोरगं उशिरा आलं तरी बंद."

सोमवारी घरचे कोणी कारखान्यात असलेली अकरा मुले माझ्याबरोबर निघाली. मधल्या सुट्टीची वेळ बदलल्याचे घरी कोणालाच ठाऊक नव्हते. अंबादास ठरल्याप्रमाणे सकाळीच डबा घेऊन गेले होते, त्यामुळे विनता रिकाम्या हातांनी चालत होती. भोंगा झाला. इतरांचे वडील, काका बाहेर आले. अंबादास आले नाहीत.

"आतच जेवून राहिले असतील," ती म्हणाली.

मी दरबानाला नाव सांगितले. "देखते हैं, बहनजी," म्हणून तो आत गेला. भोंग्याला सहा मिनिटे झाली. मग अंबादास जवळजवळ धावतच आले. न धुतलेल्या काळ्या हातात उघडा डबा, तोंडात घास.

"काय झालं? काहून आली? आई बरी आहे ना?"

"सुट्टी आहे, अण्णा. रोज राहील. बहनजी आणतील."

त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. विनताने डबा त्यांच्या हातून घेतला आणि त्यांना सावलीत बसवले.

चौदा मिनिटे उरली होती. मी पाठ वळवली आणि बाकीची दहा मुले मोजू लागले.