अर्ध्या कामांची धनीण

क्षितिजाच्या कंपनीत एक रीत होती. ठरावीक वर्षांत वरच्या जागेवर चढायचं, नाहीतर घरी जायचं. मधल्या पायरीवर बसून राहायला कुणालाच परवानगी नव्हती. दुसऱ्यांच्या कंपन्यांना शहाणपण विकणाऱ्या या सल्लागार मंडळींना ही रीत फार शास्त्रीय वाटायची. या रीतीच्या धाकाने माणसं टिकत नाहीत, हे मात्र एकाही शहाण्याला दिसत नव्हतं. क्षितिजाचं हे शेवटचं वर्ष. या मार्चमध्ये मॅनेजर झाली तर ठीक, नाहीतर अकोल्याहून इंदूरला येऊन काढलेली सगळी वर्षं पाण्यात.

पण तिला फारशी धास्ती नव्हती. ऑफिस आपल्याच जिवावर चाललंय आणि ते सगळ्यांना दिसतंय, अशी तिची भाबडी समजूत होती. कुणी राजीनामा टाकला की त्याचं अर्धवट काम क्षितिजाच्या गळ्यात पडायचं. पलक बंगळुरूला गेली, तिचं हॉस्पिटलचं काम क्षितिजाकडे आलं. यशवर्धन परदेशी शिकायला गेला, त्याची टाइल्सची फॅक्टरीही तिच्याकडेच. जाणाऱ्याला केक आणि राहणारीला फाइल, असा तिथला व्यवहार होता.

मग परेश निघाला. हा सुदामा नगरचा, इथेच वाढलेला. देपालपूरच्या एका सोयाबीन मिलचं काम त्याच्याकडे होतं आणि ते मधेच लटकलं होतं. शेवटच्या दिवशी टपरीवर चहा पिताना तो म्हणाला, "सुन, माझं हे मिलचं काम तू बिलकुल उचलू नको. उज्जैनचा नवा क्लायंट आला आहे ना, तो मागून घे. शुरू से तुझा. प्रमोशनची कमिटी तेच विचारते, बाकी सब बेकार."

"आणि मिलच्या शेठजींचं काय?"

"त्यांचं काय? दुसरा कोणी येईल."

दुसरा कोणी येईल, तेवढंच सांगायला क्षितिजा देपालपूरला गेली. शेठजींनी तिच्यापुढे चक्क हात जोडले. "मैडमजी, हर बार नया आदमी आता है, हर बार शुरू से समझाता हूँ. अब आप ही रहना."

तिला नाही म्हणवेना. शिवाय मनातून सुखावलीच ती. आपल्यावाचून कुणाचं अडतंय हे ऐकायला माणसाला फार आवडतं आणि तिथेच तो फसतो. उज्जैनचं काम तिच्या बरोबरीच्या अस्मिताला मिळालं. क्षितिजाने पुढचे महिने मिलच्या धुळीत घालवले, काम तडीस नेलं, शेठजी खूश झाले.

मार्चमध्ये तिच्या साहेबांनी, देवेंद्रजींनी, तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी स्वतः उठून दार लावलं.

"देख क्षितिजा, मी खूप बोललो तुझ्यासाठी. पण कमिटीने एकच सवाल केला. पहिल्यापासून शेवटपर्यंत हिचं स्वतःचं काम कोणतं? आता मी काय सांगणार? हॉस्पिटल पलकचं, टाइल्स यशवर्धनच्या, मिल परेशची. अस्मिताचं कसं, उज्जैन पूर्ण तिचं."

"पण ती कामं पूर्ण कुणी केली, देवेंद्रजी?"

"हां, वो तो है. पण शुरू तर त्यांनी केली होती ना."

कमिटी काय विचारते हे परेशला ठाऊक होतं, म्हणजे देवेंद्रजींनाही ठाऊक असणारच. तरी प्रत्येक फाइल त्यांनीच हसत हसत तिच्याकडे सरकवली होती. तिला रडू आलं नाही. राग तरी यायला हवा होता, तोही आला नाही. आत सगळं नुसतं रिकामं झालं.

"दोन महिने आहेत, आरामात दुसरी नोकरी बघ," देवेंद्रजी म्हणाले. मग जरा घुटमळले. "एक छोटीसी बात होती. संहिताने आज सकाळी राजीनामा दिला. पीथमपूरचं तिचं काम अर्धंच झालंय, नव्या माणसाला जमणार नाही. जायच्या आधी तू बघून घेशील?"

"हो," क्षितिजा म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो ते. आता घाबरायला काही उरलं नव्हतं, मिळवायलाही नव्हतं. नकार द्यायला याहून सोपी वेळ आयुष्यात पुन्हा येणार नव्हती, आणि तरी तो तिला देता आला नाही. स्वतःची इतकी किळस तिला कधीच आली नव्हती.

ती केबिनमधून बाहेर आली. संहिता आपल्या टेबलाशी बसली होती, नजर चुकवत होती. क्षितिजाने तिच्या शेजारची खुर्ची ओढली.

"कुठपर्यंत झालंय?" तिने विचारलं.