हिरव्या टोपीचा मानकरी

फेब्रुवारीतल्या सह्यांच्या बुधवारी माझ्या खाणावळीतलं खिडकीजवळचं लांब टेबल परक्या कुणाला मिळत नाही. त्या दिवशी देशभरातली पोरं आपापल्या शाळेत समोर कॉलेजांच्या टोप्या मांडून बसतात आणि त्यांतली एक डोक्यावर चढवून कुठल्या कॉलेजकडून आपला अमेरिकी, हाताने चेंडू फेकायचा फुटबॉल खेळणार ते सही करून जाहीर करतात. संध्याकाळपर्यंत क्रमवारी लागते. कुणाच्या पदरात पाच ताऱ्यांची किती पोरं पडली, कुणाची तुकडी कितवी, यावर अख्खं अलाबामा कंठशोष करतं. पोरांना जोखून एक ते पाच तारे वाटणाऱ्या पंडितांचं मला हसूच येतं. बड्या कॉलेजने एखाद्याला बोलावलं की दुसऱ्या दिवशी त्याचा एक तारा वाढलाच म्हणून समजा.

माझ्या टेबलावर आजच्या पोरांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. निवाडा व्हायचा तो चार वर्षांपूर्वीच्या तुकडीचा. तेव्हा ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त फसला, त्याने हाडवैरी कॉलेजची हिरवी टोपी घालून न्याहारी करायची. टोपी पिठाच्या डब्यामागे असते. मी ती धूत नाही.

यंदा मात्र प्रकरण नाजूक होतं. लूशस टार्पली आमच्या तलुला कॉलेजसाठी पोरं हेरतो. त्याची नवी तुकडी क्रमवारीत पार तळाला जाणार हे आधीच दिसत होतं, आणि त्याला ठेवायचं की नारळ द्यायचा ते क्रीडासंचालक वेन्डेल स्ट्राउड त्याच दुपारी ठरवणार होता. आणि दोघं बसलेत समोरासमोर, माझीच पावासारखी मऊ, गरम बिस्किटं खात.

"ब्रँटली रीस," विमावाल्या हॉइट गँडीने तोंड उघडलं. "चार तारे. हा आपल्याला अजिंक्यपद मिळवून देणार असं कोण म्हणालं होतं रे, वेन्डेल?"

स्ट्राउड बिस्किटावर ग्रेव्ही ओतत राहिला.

"एक हिवाळा काढला नि गाशा गुंडाळला पठ्ठ्याने," मी म्हटलं.

"मिस ओडी, सुखाने खाऊ द्या की," स्ट्राउड कुरकुरला.

"खा ना. कुणी हात धरलाय तुझा?"

"आणि इझिकेल टॅनर?" हॉइट म्हणाला. "एकही तारा नाही. लूशसने त्याला आणला तेव्हा आपण सगळे खो खो हसलो होतो."

हसलो होतो खरे. तारे मिळतात उन्हाळी शिबिरांत, आणि उन्हाळाभर इझिकेल बापाबरोबर पीचच्या बागेत राबायचा. लूशसने त्याला पाहिलं ते बास्केटबॉल खेळताना. धिप्पाड पोरं हेरायला तो हिवाळ्यात बास्केटबॉलच्याच सामन्यांना जातो, भुईमुगाच्या शेंगा सोलत बसतो आणि फक्त पावलं बघतो. इझिकेल एवढा अजस्र, पण वळायचा मांजरासारखा. यंदा तो आमचा कप्तान होता. आमच्या चेंडू फेकणाऱ्याला त्याने राखलेल्या बाजूने वर्षभर कुणी हात लावू शकलं नाही. लूशससारखा डोळा मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेला नाही.

"टोपी वेन्डेलची," हॉइटने निकाल दिला.

मी टोपी आणली. स्ट्राउडने हात पुढे केला.

"थांबा," लूशस म्हणाला. "ती माझी आहे."

"तुझी कशी?"

"मार्लन डुबोज."

ते नाव कुणाला चटकन आठवेना.

"त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून, तिच्या हातची भेंडी खाऊन मी शब्द दिला होता, की तुमचा मुलगा खेळेल. चार वर्षं तो बाकावर बसून राहिला. दुखापत नाही, काही नाही. माझी पारख चुकली."

"अरे, पदवी तर मिळाली ना त्याला?" हॉइट म्हणाला.

"पदवीचा शब्द नव्हता दिला मी." लूशसने टोपी डोक्यावर चढवली.

"त्या बाईंशी बोललास कधी?" स्ट्राउडने विचारलं.

"दरवर्षी जातो. पहिल्यांदा दार लावून घेतलं तिने. दुसऱ्या वर्षी कॉफी दिली." लूशसने उरलेली बिस्किटं कागदात गुंडाळली. "आता निघतो. सकाळी तिचाच फोन आला होता. मार्लनचा धाकटा भाऊ टायरी पुढच्या वर्षी सही करणार. बड्या कॉलेजांची माणसं दारात उभी आहेत म्हणे. त्यांना म्हणाली, आधी टार्पली येऊ दे, तो चुकला तर निदान सांगायला येतो. लांब आहे घर. दुपारी मी तुझ्याकडे पोहोचत नाही, वेन्डेल. काय ते ठरव."

स्ट्राउडने ग्रेव्हीची बशी बाजूला सारली.

"दुपारचं राहू दे," तो म्हणाला. "काही ठरवायचं उरलं नाही. तुझ्या जागेवर तूच. जा." पण सवय कुठली जाते? लूशस दारापर्यंत पोहोचला तसं स्ट्राउडने विचारलंच, "किती तारे आहेत रे त्या धाकट्याला?"

"विचारलं नाही," लूशस म्हणाला.

"टोपी ठेवून जा," हॉइट ओरडला.

"न्याहारी संपली नाही अजून माझी," म्हणत त्याने बिस्किटांची पुडी दाखवली आणि तसाच गाडीत जाऊन बसला. वैऱ्याच्या त्या मळक्या टोपीत मला तो फार देखणा दिसला.