उरलेला वेग

हिंदुराव शेलारांनी समोरच्या गाडीला दिव्यांची उघडझाप करून पुढे पोलीस असल्याचं कळवलं, की ती हळू व्हायची आणि तिचा उरलेला वेग हिंदुरावांच्या जीपमध्ये येऊन बसायचा. बुधवारी जीप दारात उभी होती, किल्ली खुंटीला होती, तरी काटा बारावर होता.

रस्त्यावर वेग मोजत बसणाऱ्या हवालदारांना त्यांनी ते दाखवलं. हवालदारांनी पुस्तक चाळलं. दिवे दाखवू नयेत असं कुठे लिहिलेलं सापडेना. दुसऱ्याचा वेग जवळ बाळगू नये, हे मात्र पहिल्याच पानावर होतं. ज्याचा त्याला परत करा, म्हणाले. आता ते गाडीवाले कुठे शोधायचे? वीस वर्षं वडापची प्रवासी जीप चालवणारा माणूस, समोरून गाडी आली की हात आपोआप दिव्यांकडे जायचा. जित्याची खोड, दुसरं काय.

शनिवारी सकाळी ते बायकोला, कुसुमला, माहेरी सोडायला निघाले. काटा तिसावर होता. तिला पळत चढावं लागलं. वाटेत पोलीस दिसले, मग हिंदुरावांनी समोरच्या चार गाड्यांना सावध केलं. काटा नव्वदवर गेला. ब्रेक तळाला टेकला होता, तरी मल्हारपेठ आलं आणि गेलं. ओट्यावर कुसुमची आई नुसती बघत राहिली.

"अवं, आता कुणालाबी लाईट मारू नगा," कुसुम म्हणाली. "ती पोलिसापुढं तेवढी हळू व्हत्यात आन् वळणाआड गेली की पुन्यांदा पळवत्यात. आपण का मरायचं?"

हिंदुरावांना ते पटलं. आपण वाचवलेल्यांपैकी कोण पुढे कुणाला उडवून गेला, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्याची त्यांना आता लाज वाटली. त्यांनी एक हात मांडीखाली दाबून धरला. तीन गाड्या तशाच जाऊ दिल्या.

मग समोरून शाळेची पिवळी गाडी आली. ती त्यांचा मुलगा अजिंक्य चालवत होता, आणि भलत्याच वेगात. खिडक्यांतून मुलांचे केस उडताना दिसत होते. दिवे दाखवले तर तो सगळा वेग इकडे येणार होता, आणि पुढे घाटाचं वळण होतं. हिंदुरावांनी कुसुमकडे पाहिलं.

तिने पदर खोचला, त्यांच्यासमोरून हात घातला आणि स्वतःच दिवे दाखवले. एकदा, मग पुन्हा एकदा.

पिवळी गाडी हळू झाली. इतकी हळू, की तिच्यातल्या एकेका मुलाचा चेहरा त्यांना नीट पाहता आला. अजिंक्यने आईला ओळखून हात केला. काटा शेवटचा आकडा ओलांडून पुन्हा शून्यावर आला. वळण लागलं तेव्हा कुसुम अजून मागे बघून हात हलवत होती.