जामिनाची बंदूक

मुसईद पुन्हा तुरुंगाच्या दारात उभा होता आणि पुन्हा तेच ऐकत होता.

"राजेवाल्यांना सरकारनं माफी दिलीय," गालात हिरवी पानं कोंबलेला अधिकारी म्हणाला. "तुझा भाऊ म्हणतो, मी राजेवाला नाही. मग माफी द्यायची कशाची?"

"राजेवाला नाही, तर आत कशाला डांबलाय साहेब?"

"राजेवाला म्हणून."

मुसईदचं डोकं फिरलं. येमेनवर राज्य करणाऱ्या इमामाची गादी गेली तेव्हा राजेवाला म्हणजे त्या गादीसाठी डोंगरात लढणारा. पुढे ज्याचं गाव डोंगराच्या पलीकडे, तोही राजेवाला झाला. शेवटी शेजाऱ्यावर खुन्नस काढायलासुद्धा हाच शब्द पुरायला लागला. त्याचा धाकटा भाऊ हादी यातला कुठलाच नव्हता. विहिरीवरून दोन गावं हातघाईवर आली, तेव्हा रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या बंदुका टोळीप्रमुख शेख जुब्रानकडे जामीन ठेवल्या. निवाडा झाला की परत मिळायच्या. निवाडा राहिला बाजूला, शेख बंदुकांसकट इमामाला जाऊन मिळाला. हादीचं नाव कोरलेली बंदूक सरकारी शिपायांना रणात सापडली आणि त्यांनी हादीला घरातून उचललं.

आता सरकार आणि राजेवाल्यांत समेट झाला होता. शेख जुब्रान सरकारदरबारी मानाच्या जागी बसत होता. मुसईदनं भर बैठकीत त्याला गाठलं.

"शेख, बंदूक जामीन होती एवढंच सांगा. माझा भाऊ सुटेल."

शेखनं त्याला दंडाला धरून जिन्यात नेलं. "गळा काढू नकोस. मी राजेवाला होतो हे पोराटोरांना ठाऊक आहे, त्याची मला लाज नाही. पण जामिनाची बंदूक पळवली म्हटलं, तर टोळीत माझ्या घरचं पाणी कोण पिईल?"

"आणि हादी?"

"त्याला राजेवाला म्हण. मी नाही का तसाच सुटलो? सोबत येतो, साक्ष देतो."

शेखला जिन्यावरून ढकलून द्यावं असं मुसईदला वाटलं. पण घरी आई अंथरुणाला खिळली होती आणि दार वाजलं की हादी आला का, एवढंच विचारत होती. शेवटची भेट तरी व्हायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं अधिकाऱ्यासमोर मान खाली घालून म्हटलं, "होय. राजेवाला होता."

"होता म्हणजे काय!" शेखनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "माझ्याच हाताखाली लढला. वाघ होता वाघ!"

हादी बाहेर आला. गालफडं बसलेली, उन्हाला डोळे मिटत होता. त्यानं मुसईदला घट्ट मिठी मारली. "पटलं ना त्यांना, दादा? बंदूक जामीन होती म्हणून?"

मागून शेख हात पसरून पुढे आला. "ये रे, माझ्या शूर शिपाया!"

हादीनं शेखकडे पाहिलं, मग भावाकडे. मिठी सुटली.

"एवढा मार खाल्ला, पण हा शब्द मी तोंडातून काढला नाही," तो म्हणाला. "तुला कितीसा वेळ लागला, दादा?"

"आई वाट बघतेय, चल," मुसईद कसाबसा म्हणाला.

हादी निघाला. पण गावापर्यंत तो मुसईदच्या मागे अंतर ठेवून चालला, बरोबरीनं आलाच नाही.