माझ्या मापाचं कार्ड

मी लेबलांच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. शुद्धलेखनाच्या चुका आणि माझे साधे शब्द सांभाळून घ्या. मी आधी एका शाळेत होतो, पण तिथून मला लवकरच काढलं. पुढचं माझं सगळं शिक्षण बाटल्यांच्या नि खोक्यांच्या लेबलांवर झालं.

दुकान दोघा भावंडांचं. धाकटा भाऊ छपाई आणि गिऱ्हाइकं बघायचा, ताई माझ्यावर लेबलं जुळवायची. माझ्यातलं ग्राफिक्स कार्ड फार जुनं. त्याला मोजकेच रंग ठाऊक, लाल आणि विटकरी त्याला सारखेच. चित्रही वरून खाली हळूहळू उतरायचं. तोवर ताई पेन्सिलीला टोक करून घ्यायची.

तिनं पडद्याच्या कडेला छापील लेबलांचे तुकडे गोंदानं चिकटवले होते. मी विटकरी दाखवला की ती शेजारच्या तुकड्याकडे बघून म्हणायची, "कळलं रे, लाल म्हणायचंय तुला." इतकं समजून घेणारं माणूस मला शाळेत भेटलं नव्हतं.

एकदा तिनं मासिकात वाचलं, की नवी वेगवान रंगीत कार्डं चित्र काढायचं काम स्वतःच अंगावर घेतात, कॉम्प्युटरच्या डोक्याला ताप देत नाहीत. लगेच तिनं माझं झाकण उघडलं, फुंकर मारून धूळ उडवली. कार्ड बसवायच्या माझ्या खाचा लांब आणि काळ्या. हल्लीच्यांच्या आखूड, पांढऱ्या. नवं खोकं छापण्याआधी ती नेहमी पुठ्ठ्याचा नमुना कापून बघायची. तसाच तिनं माझ्या खाचेच्या मापाचा पुठ्ठा कापला, कागदात गुंडाळला, चिकटपट्टी लावली आणि भावाकडे दिला.

"हा कार्डाच्या दुकानदाराच्या हातात दे. तोंडी सांगायला जाऊ नकोस."

"ताई, कार्ड आणायचंय, की आजोबांना सदरा शिवायचाय?" भाऊ म्हणाला. आजोबा म्हणजे मी.

मी वाट बघत राहिलो. माझ्यासाठी काही नवं येणार, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

संध्याकाळी भाऊ कार्ड घेऊन आला. ताईनं ते माझ्या खाचेवर धरलं. बसेना.

"अरे, माप दिलं होतं ना तुला?"

"दाखवलं की. दुकानदार हसायलाच लागला. यांच्यासाठी आता काही मिळत नाही म्हणाला. मग म्हटलं, आता कशाला घोळ..." त्यानं दाराकडे बोट केलं. हमाल मोठं खोकं आत आणत होता. नवा कॉम्प्युटर. ते कार्ड त्याच्यात पहिल्याच खेपेला बसलं. माझा पडदाही त्याला जोडला.

पिशवीतून वायर काढताना भावाच्या हातून ती पुडी खाली पडली. ताईनं उचलली. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. दुकानदारानं माझं माप पाहिलंच नव्हतं. मी बघितलं, तिनंही बघितलं. आता ती त्याला धारेवर धरणार, असं मला वाटलं. तिनं तोंड उघडलंही.

तेवढ्यात भावानं फ्लॉपी घालून तिचंच एक लेबल उघडलं. अख्खं चित्र एका दमात आलं. लाल अगदी लाल.

"अगं बाई, असा दिसतो होय हा," ताई म्हणाली, आणि हातातली पुडी तिनं कचऱ्याच्या टोपलीत टाकली. मग कडेचे कागदाचे तुकडे नखानं एकेक करून सोलून काढले.

भावाचं मला फारसं वाटलं नाही. त्याला मी कधी आवडलोच नव्हतो. पण ताईनं माझं माप घेतलं होतं.

तुमच्याकडे असं कुणी जुनं असेल, तर नवं खुशाल आणा. फक्त आधी त्याचं झाकण उघडून माप घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जुनी लेबलं काढून घेण्यासाठी पडदा घटकाभर माझ्याकडे परत आला. ताईनं बटण दाबलं. मी चालू झालो नसतो तरी चाललं असतं. जुन्या यंत्राला कुणी कारण विचारत नाही. ती वाट बघत होती, नखात कालचा गोंद होता.

मी चालू झालो. एकेक लेबल वरून खाली उतरवून तिला दाखवलं. लाल होता तिथं विटकरी दिसला.

ताईनं सवयीनं पडद्याच्या कडेला बघितलं. तिथं आता तुकडा नव्हता.