बुधवारची गाडी

अक्षदा उतेकर बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा वाडीतले सगळे धरूनच चालले होते की ती आता मुंबईला वडिलांकडे जाणार. तिचे वडील भरत उतेकर लालबागला एका खानावळीत कामाला होते आणि गावच्याच चौघांबरोबर एका खोलीत राहत होते. त्या खोलीत मुलीला जागा कुठली? म्हणून तिचं नाव महाडच्या कॉलेजात बीएस्सीला घातलं, आणि तिचं रोजचं जाणंयेणं सुरू झालं.

वाडी पोलादपूरच्या वर, घाटरस्त्याला फुटणाऱ्या एका फाट्यावर. उजाडता उजाडता पहिली एसटी वाडीखालच्या थांब्यावर यायची आणि पोलादपूरला सोडायची. तिथून महाडची गाडी. येतानाही तसंच, पण वाडीची शेवटची गाडी पोलादपूरहून लवकर सुटायची. ती गाठायची तर कॉलेज सुटायच्या आधीच महाड सोडावं लागायचं.

पहिले दोन महिने अक्षदाचा जीव कशातच लागेना. वर्गात बसली की तिचा पाय आपोआप हलत राही. सर फळ्यावर लिहीत असत आणि ही वरच्या घड्याळाकडे बघत असे. पाऊस जोरात लागला की तिच्या मनात पहिला विचार यायचा, घाटात दरड तर आली नसेल? घरी पोचली की उद्याची गाडी डोक्यात. दुपारनंतर कॉलेजात नाटकाच्या तालमी चालत, कोणाचे वाढदिवस होत, भांडणं होत, ते सगळं तिला दुसऱ्या दिवशी कळे. वाडीत म्हैस व्याली, पुलावरून पाणी गेलं, शेजारच्या ठकूबाईची सून माहेरी निघून गेली, तेही दुसऱ्या दिवशीच. कुठल्याच गोष्टीला ती जागेवर नसायची.

सगळ्यात वाईट बुधवार. त्या दिवशी दुपारी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल असे आणि ते संध्याकाळपर्यंत चाले. अक्षदाची पार्टनर होती तेजश्री गमरे. ती महाडचीच, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत राहणारी. तिचे वडील अरविंद गमरे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. अक्षदा घाईघाईने ब्युरेटची काचेची नळी धुऊन भरायची, सगळी मांडणी करून द्यायची, आणि प्रयोग खरा सुरू व्हायच्या सुमारास दप्तर उचलून डेपोकडे पळायची. पुढचं सगळं तेजश्री एकटी करायची. काचेची भांडीसुद्धा तीच धुवायची आणि संध्याकाळी फोनवर आकडे पाठवायची. अक्षदा ते सुवाच्य अक्षरात जर्नलमध्ये उतरवायची. तेजश्री कधी तक्रार करत नसे. पण सप्टेंबरच्या एका बुधवारी ती ब्युरेटवरची नजर न काढता म्हणाली, "तू निघालीस की मी दोघींचं काम करते, आणि मार्क दोघींना सारखे." अक्षदाने दप्तर उचललं. ती तशीच निघाली, आणि पोलादपूरपर्यंत तिला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात केमिस्ट्रीच्या उज्वला मॅडम जर्नल तपासत होत्या. अक्षदाचं जर्नल त्यांना आवडलं असावं, कारण त्या बराच वेळ पानं उलटत होत्या. मग त्यांनी सहज विचारलं, "गुलाबी रंग आला असं लिहिलंयस. किती गुलाबी?"

अक्षदाने जर्नलमधल्या त्या ओळीकडे पाहिलं. अॅसिडमध्ये ब्युरेटमधला थेंब थेंब सोडत राहिलं की एका थेंबाला रंग पालटतो, हे तिला पुस्तकातून पाठ होतं. पण तो रंग पालटताना तिने कधी पाहिलेलाच नव्हता. खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "मॅडम, मी नाही पाहिलं. माझी गाडी असते."

मॅडम रागावल्या नाहीत. डिसेंबरात परीक्षा आहे, तिथे पार्टनर नसते, तेव्हा काय करणार, एवढंच त्यांनी विचारलं आणि जर्नल सही न करता परत दिलं.

त्या रात्री अक्षदाने आईला सगळं सांगितलं. आई, ललिता, म्हणाली की मॅडमना सांग, आमचं गाव लांब हाय. अक्षदा म्हणाली, त्यांना ठाऊक आहे. बुधवारी राहायचं तर महाडजवळ बिरवाडीला तुळसामावशी होती, पण तिची एकच खोली. मावशीचा नवरा कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा झोपायचा आणि वर दोन लहान पोरं. तिकडे नको, असं आईच म्हणाली. विषय तिथेच थांबला.

पुढच्या बुधवारी गाडीची वेळ झाली तशी अक्षदाची नजर घड्याळावर गेली. तिने दप्तराकडे पाहिलं, मग तेजश्रीकडे. "आज मी थांबते," ती म्हणाली. तेजश्रीला वाटलं ही थोडा वेळ म्हणतेय. तिने समजावलं की गाडी जाईल. अक्षदा म्हणाली, जाऊ दे.

तिने स्वतः थेंब सोडायला घेतले. पहिल्यांदा नळीची तोटी जास्त उघडली आणि एकदम इतकं सांडलं की सगळा फ्लास्क गडद राणी रंगाचा झाला. दुसऱ्यांदाही तसंच. या वेळेला डेपोतून गाडी बाहेर पडत असेल, आता पुलावर असेल, असं तिच्या डोक्यात चालूच होतं. तिसऱ्यांदा मात्र ती एक एक थेंब मोजून सोडू लागली. रंग यायचा आणि हलवलं की विरायचा. मग एक थेंब पडला आणि विरलाच नाही. अगदी फिकट, कागदावर धरलं तरच कळेल इतका. ती बघत राहिली. पलीकडच्या टेबलावरच्या मॅडम लांबूनच म्हणाल्या, "हां, एवढाच."

भांडी दोघींनी मिळून धुतली. बाहेर आल्यावर प्रश्न उरला तो राहण्याचा. तेजश्रीने आधीच आईला फोन करून ठेवला होता. अक्षदाने घरी फोन लावला. तेजश्री शेजारीच उभी होती.

"आई, गाडी गेली. मी तेजश्रीकडं राहते. माझी पार्टनर, तुला सांगितलंय ना."

"आडनाव काय गो तिचं?"

"गमरे."

आडनावावरून जात कळते, तशी ती आईला कळली. मग आई म्हणाली, "मंग बिरवाडीला जा. तुळसामावशी हाय ना."

"तिकडं नको असं तूच म्हणालीस."

"तेव्हा म्हणले. आता जा म्हणते."

अक्षदा म्हणाली की ती तेजश्रीकडेच राहणार आहे, सकाळी तिथूनच कॉलेजला जाईल, आणि तिने फोन ठेवला. दोघी तळ्याच्या बाजूने चालायला लागल्या. बरंच अंतर गेल्यावर तेजश्री म्हणाली, "आडनाव विचारलं ना?"

"हो."

"विचारतातच," तेजश्री म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना नवल, आणि तेच अक्षदाला जास्त लागलं.  

गमऱ्यांच्या घरी तिला कोणी पाहुणी म्हणून अवघडू दिलं नाही. तेजश्रीच्या आईने, सारिकाताईंनी, सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी केली होती. अरविंद गमरे पूर्वी पोलादपूरच्या वरच्या अंगाला नोकरीला होते. त्यांनी अक्षदाला वाडीचा रस्ता, नदी, शाळा सगळं विचारलं. अक्षदा उत्तरं देत होती, पण तिचं चित्त जागेवर नव्हतं. आपली आई या माणसांबद्दल आत्ता काय विचार करत असेल, हेच तिच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा आई शेतातून भात कापून नुकतीच आली होती. चहा झाला, कपबशा धुऊन झाल्या. शेवटी अक्षदाच म्हणाली, "तू आडनाव ऐकून बिरवाडीला जा म्हणालीस."

"मी काय वाईट बोलले?"

"बोलली नाय. पण तेजश्री बाजूला उभी होती. तिला कळलं."

आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. वाडीत लोक विचारतात, असं ती म्हणाली. ठकूबाईने सकाळीच विचारलं, पोरगी रातच्याला कुठं होती म्हणून. अक्षदा म्हणाली, मग सांगायचं होतंस.  जेवायच्या वेळेला आईने विचारलं, "जेवलीस ना तिकडं?"

"जेवले."

"काय केलं व्हतं?"

अक्षदाने सांगितलं. आई ऐकत राहिली. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "तिच्या आयशीचा नंबर दे मला. गाडी चुकली, फोन लागला नाय, तर मी कोणाला विचारू?"

पुढच्या बुधवारपासून अक्षदा गमऱ्यांकडे राहू लागली. आई आणि सारिकाताई फोनवर बोलत, दोन मिनिटंच, पण बोलत. दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. ठकूबाईने पुन्हा विचारलं तेव्हा आईने काय सांगितलं ते अक्षदाला कळलं नाही. मुंबईहून वडिलांचा मात्र फोन आला. वाडीतल्या कोणीतरी त्यांना कळवलं होतं. त्यांनी आईशी बराच वेळ वाद घातला. आई ओट्यावर उभी राहून एवढंच म्हणत होती, "तुमी हितं नाय. मी हाय हितं."

डिसेंबरात प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. अक्षदाला पहिल्याच खेपेत बरोबर रंग आला. तेजश्रीचा हात मात्र त्या दिवशी घसरला आणि तिला पुन्हा सगळं भरावं लागलं. अक्षदाच्या गाडीची वेळ झाली होती. तरी ती बाहेर पायरीवर तेजश्रीची वाट बघत बसून राहिली.

सुट्टीत तेजश्री वाडीला आली. वळणांनी तिचं डोकं गरगरलं, वाटेत दोनदा तिने विचारलं की अजून किती. थांब्यावर आई येऊन उभी होती. उतरल्या उतरल्या आईने तिच्या हातातली पिशवी घेतली, म्हणाली, "लय दमलीस गो. चल, आधी पाणी पी," आणि वाडीच्या चढणीला पुढे चालू लागली.