गुलब्या माझ्यात उभा राहिला

मित्रांनो, जनावरांच्या दवाखान्यासमोर उभा असलेला एक जुना लोखंडी खोडा तुमच्याशी बोलतो आहे. खोडा पाहिला नसेल तर सांगतो. जमिनीत पक्के रोवलेले चार खांब, दोन्ही बाजूंना आडवे पाइप, एक दांडा पुढे, एक मागे. जनावर मधे उभं राहिलं की डॉक्टरांना सुई टोचता येते, खूर तपासता येतो, आणि कुणाला लाथ बसत नाही.

आमचं गाव केज तालुक्यात, युसूफ वडगावपासून कोस-दीड कोसावर. गावच्या दूध संस्थेनं मला करून घेतलं. आवारातला हातपंप कोरडा पडला होता, त्याच्या वर काढलेल्या पाइपांचा मी झालो. जोडकाम करणारा केजहून आला, पण मापं दिली सत्तारभाई नालबंदानं. बैलांच्या खुरांना नाल ठोकण्यात त्याची हयात गेली होती.

"बैलाची छाती कुठं येती, ते मला इचारा," तो म्हणाला. पुढच्या दांड्याला त्यानं काथ्याचा दोर गुंडाळला. पायाखाली मुरूम टाकून घेतला. पोटाखाली घालायला रुंद पट्टा शिवून दिला, म्हणजे जनावराचे पाय गेले तरी ते खाली कोसळू नये.

सुरुवातीची वर्षं फार मानाची होती. पोळ्याला मला गेरू लावायचे. घटसर्पाची लस टोचायला चार-पाच गावांची जनावरं यायची, आणि माणसं एकमेकांना सांगायची, "ह्या खोड्यात बैल गप उभा ऱ्हातो बघा." मला ते ऐकायला आवडायचं.

मग हळूहळू माझ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. काथ्या कुजून गळून पडला. मुरूम वाहून गेला आणि खाली गुळगुळीत दगड उघडे पडले. आतल्या बाजूला एक बोल्ट सैल होऊन बोटभर बाहेर आला. तो सगळ्यांना दिसत होता. कुणी आत ठोकला नाही.

अशातच एका लसीकरणाच्या दिवशी सिदू नावाचा तरणा गडी लाल कंधारी जातीचा एक बैल घेऊन आला. बैलाचं नाव गुलब्या. तो सिदूच्या बहिणीचा, साखराबाईचा. साखराबाई मोठी धीराची बाई. नवऱ्याची कंबर अधू झाल्यापासून दर दिवाळीनंतर ती स्वतः बैलगाडी हाकत माजलगावकडे ऊस तोडायला जायची, सोबतीला तिच्याकडेच राहणारा सिदू. त्या दिवशी तिला माहेरी काम निघालं, म्हणून सिदू एकटाच आला होता. मागं रांग लागली होती. गुलब्या थबकला तशी सिदूनं काठी चालवली, रांगेतल्या दोघांनी शेपटी पिळली. गुलब्या घाबरून आत घुसला, दगडावरून घसरला, आणि माझा तो बोल्ट त्याच्या खांद्यात रुतला.

मित्रांनो, जखम पंधरा दिवसांत भरली. पण त्यानंतर गुलब्या दवाखान्याच्या फाटकापाशीच पाय रोवायचा. मला पाहिलं की त्याचे डोळे पांढरे व्हायचे. ज्यानं जनावराला आधार द्यायचा, त्यालाच जनावर भिऊ लागलं, याचं मला फार वाईट वाटायचं.

दोन वर्षांनी दुष्काळ पडला. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला. संस्थेनं आमच्या शेजारच्या माळावर चारा छावणी उघडली. साखराबाई आपली जोडी घेऊन छावणीत आली, आणि तिथं तिच्या ध्यानात आलं की गुलब्या डोकं एका अंगाला कलतं धरतो. उजवं शिंग खुंट्यावर घासतो. मग एका सकाळी त्याच्या उजव्या नाकपुडीतून रक्त आलं.

डॉक्टरांनी शिंगाचं मूळ बोटांनी दाबून पाहिलं. "बाई, हा शिंगाचा कॅन्सर आहे. शिंग मुळापासून कापावं लागेल. लवकर कापलं तर बैल वाचेल."

"मग कापा," साखराबाई म्हणाली.

लगेच गुलब्याला माझ्याकडे आणलं. फाटकातून आत येताच त्यानं एवढा हिसका दिला की कासरा तुटला. तो छावणीत पळाला आणि आपल्या जोडीदाराच्या मागं जाऊन उभा राहिला. सिदूनं काठी उचलली.

"ठिव ती खाली," साखराबाई म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "सायेब, ह्याला दोरानं बांधून खाली पाडलं तर न्हाई का जमायचं?"

"पाडता येईल. पण चाऱ्याविना तो खंगला आहे. इतका वेळ कुशीवर पडून राहिला तर श्वास कोंडेल. तो उभा असताना केलेलंच बरं."

"मंग मला चार दिस द्या. त्यो आपल्या पायानं आत यील."

संस्थेचे चेअरमन सुंदरराव तिथंच उभे होते. ते म्हणाले, "साखराबाई, छावणीत सहाशे जनावरं हायती. एका बैलाचे एवढे लाड कावून?"

"लाड न्हाईत, आण्णा. त्याला आपुन मारून भेवाडलंय. ते भ्याव आपुनच काढाया पायजे."

डॉक्टर म्हणाले, "चार दिवस थांबतो. पाचव्या दिवशी सकाळी कापायचंच. आतली गाठ थांबत नसते."

साखराबाई तडक सत्तारभाईच्या घरी गेली. तो आता म्हातारा झाला होता. माझ्याजवळ येऊन त्यानं तो बोल्ट बोटानं चाचपून पाहिला. "जनावराचा कसूर न्हाई, बाई. कसूर आपला हाय." त्यानं बोल्ट कापून घासून टाकला. पुढच्या दांड्याला नवा काथ्या गुंडाळला, पट्टा नव्यानं शिवला. सिदूनं गाढवावरून मुरूम आणून माझ्या तळाशी पसरला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी साखराबाईनं गुलब्याचं वाढं माझ्यापासून वीस पावलांवर टाकलं. उसाच्या शेंड्याचा तो हिरवा पाला त्याला फार आवडायचा. त्यानं माझ्याकडे बघत बघत चार घास खाल्ले आणि मागं सरला. दुसऱ्या दिवशी पाच पावलांवर. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडाशी. ती त्याच्याशी सारखी बोलत होती. उसाच्या फडाचं, गाडीच्या चाकाचं, नवऱ्याच्या कंबरेचं. चौथ्या दिवशी गुलब्यानं पुढचे दोन पाय आत ठेवले, मुरूम हुंगला आणि उभा राहिला. सिदू त्याला मागून ढकलायला निघाला, पण साखराबाईनं त्याला हातानंच थांबवलं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, "भूल द्यायची आहे. आतापासून त्याच्या पोटात काही जाता कामा नये."

म्हणजे पाचव्या सकाळी वाढं दाखवता येणार नव्हतं. छावणीतली माणसं कुंपणाशी गोळा झाली, त्यांत सुंदररावही होते. साखराबाईच्या हातात एक पानसुद्धा नव्हतं. तिनं माझा पुढचा दांडा काढून ठेवायला लावला, स्वतः मागून आत शिरली, माझ्यातून चालत पुढं बाहेर पडली आणि वळून उभी राहिली.

"ये रं," एवढंच म्हणाली.

गुलब्या थांबला. कान पुढं केले. मग एकेक पाय टाकत तो माझ्यात आला आणि आपलं कलतं डोकं त्यानं तिच्या छातीशी टेकवलं. दोन्ही दांडे इतके हलके लागले की मलाही आवाज आला नाही.

डॉक्टरांनी डोळ्याच्या वर सुई दिली आणि तारेच्या करवतीनं काम सुरू केलं. मधेच गुलब्याचे पुढचे गुडघे वाकले. त्याचा सगळा भार सत्तारभाईच्या पट्ट्यावर आणि माझ्या खांबांवर आला. मी तसूभर हललो नाही. सिदूनं पोटाखाली खांदा लावला आणि दातओठ खात त्याला वर धरलं. अर्ध्या-पाऊण तासानं शिंग खाली आलं. डॉक्टरांनी रक्त थांबवलं, कातडी शिवली, पट्टी बांधली.

"पुरतं निघालं आहे," ते म्हणाले. तेव्हा कुठं साखराबाई खाली बसली.

पुढं रोज पट्टी बदलायला गुलब्या स्वतःच माझ्यात येऊन उभा राहायचा. छावणी उठली, आणि दिवाळीनंतर तो एका शिंगानिशी पुन्हा गाडी ओढत माजलगावकडे गेला. तसे त्यानं आणखी चार हंगाम ओढले. सुंदररावांनी संस्थेच्या सभेत ठराव करून घेतला, की दर वर्षी लसीकरणाच्या आठवडाभर आधी खोड्याची डागडुजी व्हावी, आणि फाटकाच्या आत काठी आणू नये.

सिदू आता दर लसीकरणाला फाटकावर उभा असतो. मागच्या खेपेला एक माणूस बुजलेली म्हैस ओढत आला आणि तिच्यावर काठी उगारली. सिदूनं ती शांतपणे काढून घेतली. "दाजी, तिला आधी बघू द्या. आमी थांबतो." मागची सगळी रांग थांबली. म्हैस खांब हुंगत राहिली, हुंगत राहिली, आणि मग आत आली.

मित्रांनो, जनावराला भीती वाटते ती बोलून दाखवता येत नाही. ते पाय रोवून सांगतं. तेव्हा काठी शोधू नका. आधी वाकून बघा, आत कुठं काही टोचतं आहे का.